व्हिएतनामच्या तुरुंगातल्या लेखक-पत्रकारांसाठी इथे बसून काय करता येतं? एक नाव धरा आणि सुरुवात करा

दा नांगचे रील्स आता सगळ्यांच्याच फोनवर आहेत. तो दोन मोठ्या हातांनी तोललेला पूल, बीच, शनिवार-रविवारी रात्री आग ओकणारा ड्रॅगन ब्रिज. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट फ्लाइट सुरू झाल्यापासून आपल्याकडचे किती लोक जाऊन आलेत बघा. तर त्याच दा नांगमध्ये बुई तुआन लाम नावाचा माणूस बीफ नूडल्सचं छोटं दुकान चालवायचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे पोलीस खात्याचे मंत्री तो लाम लंडनला गेले होते, तिथे एका सेलिब्रिटी शेफनं त्यांना सोन्याचा वर्ख लावलेला स्टेक हातानं भरवला आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. बुई तुआन लामनं त्या शेफची नक्कल करत आपल्या दुकानात नूडल्सवर कांद्याची पात भुरभुरली आणि व्हिडिओ टाकला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला अटक झाली, मे २०२३ मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा. आरोपपत्रात त्याच्या फेसबुक-यूट्यूबवरच्या पोस्ट होत्या, म्हणजे कागदावर कांद्याची पात कुठेच नाही. आणि ते मंत्री २०२४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले.

हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, आपण इथून काय करणार? करता येतं, बरंच करता येतं, पण पद्धतशीर करावं लागतं आणि एका दिवसात काही होत नाही हे आधीच मान्य करून बसावं लागतं. माझं म्हणणं एवढंच की 'व्हिएतनाममधले सगळे राजकीय कैदी' असा विषय घेऊ नका, एक माणूस निवडा, त्याच्यासाठी वकिलातीला, खासदाराला पत्रं लिहीत राहा आणि त्याला सोडू नका. बाकी सगळं त्यातून येतं.

आधी कायदा समजून घ्या, नाहीतर पत्र फुसकं जातं

फार अभ्यास लागत नाही, चार कलमं डोक्यात ठेवली तरी पुरे. व्हिएतनामच्या २०१५ च्या दंडसंहितेतलं कलम ११७, म्हणजे राज्याविरुद्ध माहिती तयार करणं, जवळ ठेवणं, पसरवणं. नीट वाचा, नुसती जवळ ठेवणंही त्यात आलं. शिक्षा ५ ते १२ वर्षं, प्रकरण गंभीर धरलं तर १० ते २०. याच्या आधीच्या १९९९ च्या संहितेत हेच कलम ८८ होतं, त्यामुळे जुन्या केसेसमध्ये तो आकडा दिसेल, गोंधळू नका. दुसरं कलम ३३१, 'लोकशाही स्वातंत्र्याचा गैरवापर', यात ७ वर्षांपर्यंत. पत्रकार आणि लेखक हुय डुक यांना जून २०२४ मध्ये याच कलमाखाली पकडलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये ३० महिन्यांची शिक्षा झाली, कारण फेसबुक पोस्ट. तिसरं कलम १०९, सरकार उलथवण्याचा प्रयत्न, त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे; आधी फाशीसुद्धा होती, ती जुलै २०२५ पासून काढली.

चौथं मात्र फसवं आहे, कलम २००, करचुकवेगिरी. पर्यावरणावर काम करणाऱ्या लोकांना यात अडकवलं गेलं. कोळशाविरुद्ध काम करणाऱ्या, २०१८ चा गोल्डमन पुरस्कार मिळालेल्या न्गुय थी खान्ह यांना २०२२ मध्ये याच कलमाखाली शिक्षा झाली, त्या मे २०२३ मध्ये सुटल्या. अशी केस निवडलीत तर समोरचा लगेच म्हणणार 'अहो तो तर टॅक्सचा मामला आहे', म्हणून तयारी जास्त लागते.

आता याच्या विरुद्ध बाजूला काय आहे ते. व्हिएतनामच्या २०१३ च्या राज्यघटनेचं कलम २५ भाषण आणि वृत्तपत्र स्वातंत्र्य देतं. १९८२ मध्ये व्हिएतनामनं नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, त्याचं कलम १९ अभिव्यक्तीचं आहे. म्हणजे तुम्ही बाहेरून येऊन काही नवीन मागत नाहीये, त्यांनीच सही केलेलं त्यांना वाचून दाखवताय. पत्राचा सगळा जोर इथून येतो.

नाव कसं निवडायचं

द ८८ प्रोजेक्ट नावाची संस्था व्हिएतनाममधल्या राजकीय कैद्यांचा डेटाबेस चालवते, तिथून सुरुवात करा, शोधायला सोपा आहे. पत्रकार असेल तर सीपीजे (पत्रकारांच्या संरक्षणासाठीची समिती) आणि रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स, लेखक असेल तर पेन इंटरनॅशनल, शिवाय ह्यूमन राइट्स वॉच आणि ॲम्नेस्टी यांची पानंही बघा. एकच माहिती निदान दोन ठिकाणी जुळली पाहिजे.

माझा सल्ला, फार प्रसिद्ध नाव घेऊ नका. प्रसिद्ध नावाच्या मागे आधीच संस्था उभ्या असतात. प्रांतातला एखादा शेतकरी, जमीन गेली म्हणून लाइव्ह करणारा, त्याच्याबद्दल इंग्रजीत दोन परिच्छेद पण सापडत नाहीत, त्याला तुमची जास्त गरज आहे. पण शिकायचं असेल तर प्रसिद्ध केसवर शिका. मी इथे फाम डोआन ट्रांगचं उदाहरण घेते कारण तिच्याबद्दलची माहिती भरपूर आणि पक्की आहे.

ट्रांग हनोईची पत्रकार. कायद्यावरचं एक ऑनलाइन मासिक तिनं सहकाऱ्यांबरोबर सुरू केलं, मग सरकारी परवानगीशिवाय पुस्तकं छापणारं प्रकाशन काढलं, तिथली पुस्तकं कुरियरवाले लपूनछपून पोचवायचे आणि ज्यांनी ती विकत घेतली त्या वाचकांना पोलीस बोलावून चौकशी करायचे. २०१५ मध्ये हनोईतली झाडं तोडण्याविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या मारहाणीत तिचे पाय दुखावले, तेव्हापासून ती लंगडत चालते. ६ ऑक्टोबर २०२० च्या रात्री अटक, अमेरिका आणि व्हिएतनाम यांची मानवाधिकारांवरची वार्षिक चर्चा संपून काही तासच झाले होते. १४ डिसेंबर २०२१ ला नऊ वर्षं, जुन्या कलम ८८ खाली. नंतर तिला दक्षिणेत बिन्ह डुओंगमधल्या आन फुओक तुरुंगात हलवलं. तिची आई हनोईत. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेनं सतराशे किलोमीटरच्या वर आहे आणि तिथल्या कायद्यानं भेट महिन्यातून एकदा, जास्तीत जास्त एक तास, फोन महिन्याला एक, दहा मिनिटं. ही लांब पाठवण्याची शिक्षा निकालपत्रात लिहिलेली नसते, पण घरच्यांना ती रोज भोगावी लागते.

एक शीट बनवा

गूगल शीट, वही, काहीही चालेल. रकाने हे: व्हिएतनामी लिपीतलं पूर्ण नाव खुणांसकट (कॉपी-पेस्टच करा, हाताने टाइप करू नका, एक खूण चुकली तर दुसराच माणूस निघतो), अटकेची तारीख, कलम, शिक्षा, आत्ता कुठला तुरुंग, तब्येतीच्या तक्रारी, शेवटची बातमी कधीची आणि कुठून, घरच्यांनी जाहीरपणे काय मागितलंय. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

तुरुंगाचा पत्ता लिहिताना एक लक्षात ठेवा. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामनं ६३ प्रांतांचे ३४ केले. बिन्ह डुओंग आता हो ची मिन्ह सिटीत गेलं, क्वांग नाम दा नांगमध्ये, म्हणजे राजकीय कैदी ठेवतात तो आन दिएम तुरुंग आता कागदोपत्री दा नांग शहरात येतो. इंटरनेटवर जुनेच पत्ते फिरतायत. आणि प्रत्येक पत्राच्या आधी ताजी स्थिती तपासा, लोक सुटतात, हलवले जातात, काहींचा आतच मृत्यू होतो. भूमी-प्रश्नांवर लिहिणारे डो काँग डुओंग ऑगस्ट २०२२ मध्ये तुरुंगातच वारले. अशा माणसाच्या सुटकेची मागणी करणारं पत्र गेलं तर घरच्यांना किती लागेल याचा विचार करा.

आणि खरं-खोटं. व्हिएतनामनं शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून अमेरिकेला हरवलं हे फॉरवर्ड आपल्या प्रत्येक ग्रुपवर येऊन गेलंय आणि त्याला कुठलाही विश्वासार्ह आधार नाही. महाराजांचं मोठेपण त्यावर अवलंबून नाही. पण आपण व्हिएतनामबद्दल काय आणि कसं पुढे ढकलतो त्याचा हा नमुना आहे, कैद्यांच्या बाबतीत ही सवय चालणार नाही. तुमच्या एका चुकीच्या आकड्यावर बोट ठेवून तिथले अधिकारी अख्खं पत्र बाजूला टाकतील.

घरच्यांना त्रास होईल असं काही करू नका

हा भाग सगळ्यात आधी लिहायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. कैद्याच्या बायकोला, आईला फेसबुकवर शोधून मेसेज करू नका. तिचा फोन कोण वाचतंय तुम्हाला माहीत नाही. संपर्क करायचाच असेल तर आधीपासून त्या कुटुंबाबरोबर काम करणाऱ्या संस्थेतून करा आणि त्यांनी नको म्हटलं तर नको.

पैसे तर अजिबात थेट पाठवू नका. न्गुयेन थुय हान्ह नावाच्या बाईंनी '५० हजार डोंग फंड' (डोंग हे तिथलं चलन) चालवला होता, लोकांनी महिन्याला थोडे थोडे पैसे टाकायचे आणि ते कैद्यांच्या घरी जायचे. जानेवारी २०२० मध्ये डोंग ताम गावात जमिनीच्या वादातून पोलिसांची धाड पडली, त्यात एका वृद्ध गावपुढाऱ्याचा जीव गेला, त्यांच्या घरच्यांसाठी बाईंनी पैसे जमवले तर बँकेत खातंच गोठवलं. २०२१ मध्ये कलम ११७ खाली बाईंना अटक झाली. काही परदेशी व्हिएतनामी संघटनांना तिथल्या सरकारनं दहशतवादी ठरवलंय, त्यामुळे बाहेरून आलेला पैसा कुठून आला यावरून नवी केस उभी राहू शकते. मदत करायचीच असेल तर जाणत्या संस्थेच्या मार्फत.

सोशल मीडियावर व्हिएतनाममधल्या मित्राला, तिथल्या टूर गाइडला, हॉटेलवाल्याला टॅग करू नका. तुमच्या एका लाइकची किंमत त्याला मोजावी लागेल. आणि त्या देशाचा प्रवास ठरलेला असेल तर हे काम आणि तो प्रवास एकत्र करू नका, तिथे जाऊन कुणाच्या घरी भेट देण्याचं धाडस तर नकोच.

पत्र

छोटं, सभ्य, एका पानाचं. 'कम्युनिस्ट हुकूमशाही मुर्दाबाद' लिहायला हात शिवशिवतील, लिहू नका. वाचणारा एक कारकून आहे, त्याला वर रिपोर्ट द्यायचा आहे की अमक्या कैद्याबद्दल अमक्या शहरातून पत्र आलं. तेवढंच आपल्याला हवंय. पत्र इंग्रजीत पाठवा, पण आधी मराठीत नीट मांडून घ्या म्हणजे पोकळ वाक्यं गळून पडतात. साधारण असं:

"मा. कॉन्सुल जनरल, मी पुण्यात राहते आणि शाळेत शिकवते. पत्रकार फाम डोआन ट्रांग यांना १४ डिसेंबर २०२१ रोजी हनोईच्या न्यायालयाने नऊ वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांचे काम लेखनाचे होते. आपल्या राज्यघटनेचे कलम २५ आणि आपल्या देशाने १९८२ मध्ये स्वीकारलेला आंतरराष्ट्रीय करार या लेखनाला संरक्षण देतो. त्यांची सुटका व्हावी अशी माझी विनंती आहे. तोपर्यंत त्यांच्या पायांच्या जुन्या दुखापतीची स्वतंत्र डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, घरच्यांच्या भेटी आणि पत्रे नियमित मिळावीत आणि त्यांना कुटुंबाजवळच्या तुरुंगात हलवावे. हे पत्र आपण हनोईला कळवावे आणि मला पोच द्यावी."

बघा, सुटकेच्या मागणीच्या खाली लहान लहान मागण्या आहेत. मोठी मागणी वर्षानुवर्षं अडते, पण डॉक्टर, औषध, पुस्तक, जवळचा तुरुंग या गोष्टी खालचा अधिकारी गाजावाजा न करता देऊ शकतो. म्हणून दोन्ही लिहायचं, आणि लहान मागण्या घरच्यांनी जाहीरपणे मागितलेल्याच लिहायच्या, आपल्या मनाच्या नाही.

पाठवायचं कुठे? व्हिएतनामचा वकिलातीतला माणूस आपल्याकडे मुंबईतच बसतो, तिथे त्यांचा कॉन्सुलेट जनरल आहे, आणि दिल्लीला दूतावास. स्पीड पोस्टनं पाठवा, पावती शीटबरोबर ठेवा. प्रत हनोईला राष्ट्राध्यक्ष कार्यालय आणि सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाला. तुरुंगात थेट पाठवलेलं पत्र कैद्याच्या हातात पडेलच याची काही खात्री नाही. दर दोन-तीन महिन्यांनी नवीन पत्र, मजकूर थोडा बदलून. सरकारी नोकरीत असाल तर आपले सेवा नियम बघून घ्या, आणि निदर्शनं करायचा विचार असेल तर मुंबईत ती आझाद मैदानापुरतीच आणि पोलिसांच्या परवानगीनं, कॉन्सुलेटच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही.

खासदाराला का लिहायचं

भारत सरकार व्हिएतनामच्या कैद्यांवर जाहीर बोलेल अशी आशा ठेवू नका. २०१६ पासून दोन्ही देशांत सर्वंकष धोरणात्मक भागीदारी आहे, २०२३ मध्ये आपण त्यांना आयएनएस कृपाण ही युद्धनौका भेट दिली, चीनच्या भीतीनं दोघं जवळ आलेत. पण मैत्री आहे म्हणूनच खाजगीत बोलायची जागा पण आहे. २०२६ ते २०२८ साठी भारत आणि व्हिएतनाम दोघंही संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेचे सदस्य आहेत, हा मुद्दा पत्रात घाला. खासदाराच्या मतदारसंघातल्या ऑफिसमध्ये स्वतः जाऊन द्या, ईमेल कुणी बघत नाही. परराष्ट्र व्यवहार समितीवर असलेला खासदार मिळाला तर उत्तम. ॲम्नेस्टीचं भारतातलं काम सप्टेंबर २०२० मध्ये बंद पडलं, त्यामुळे इथे तयार व्यासपीठ नाहीये, आपल्यालाच ते जमवावं लागतं.

परदेशात असलेल्या मराठी मंडळींनो, तुमचं पत्र आमच्यापेक्षा जास्त वजनाचं आहे, खरंच. अमेरिकेत असाल तर टॉम लँटोस मानवाधिकार आयोगाच्या उपक्रमात काँग्रेसचे सदस्य एकेका कैद्याला 'दत्तक' घेतात, तुमच्या प्रतिनिधीला विचारा कुणाला घेतलंय का. जर्मनीत संसदेचे सदस्य असंच पालकत्व घेतात, आणि वकील न्गुयेन वान दाय जून २०१८ मध्ये तुरुंगातून थेट जर्मनीलाच गेले. युरोपियन युनियनचा व्हिएतनामबरोबरचा मुक्त व्यापार करार १ ऑगस्ट २०२० पासून लागू आहे, त्यात नागरी संस्थांच्या सल्लागार गटाची तरतूद आहे आणि त्या गटात यायला निघालेल्याच काही लोकांना तिथे अटक झाली. नेदरलँड्स, आयर्लंड, जर्मनीत बसलेल्या आपल्या आयटीवाल्यांनी तिथल्या युरोपियन खासदाराला हा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ. ऑस्ट्रेलियाचीही व्हिएतनामबरोबर मानवाधिकार चर्चा होते, त्याच्या महिनाभर आधी तिथल्या परराष्ट्र खात्याला नाव कळवा.

वेळ साधणं

इथे सगळ्यात जास्त फरक पडतो असं माझं ठाम मत आहे. कैदी कधी सुटतात ते बघा. त्रान हुइन्ह डुय थुक यांना २००९ मध्ये पकडलं, २०१० मध्ये १६ वर्षांची शिक्षा झाली, माफी मागून सुटायला ते शेवटपर्यंत तयार नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये पक्षाचे सरचिटणीस तो लाम (सोन्याच्या स्टेकवाले) न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत जायच्या तोंडावर त्यांना सोडलं, ते नको म्हणत असतानाही तुरुंगाबाहेर काढलं. त्याच सुमारास पर्यावरण कार्यकर्त्या होआंग थी मिन्ह होंग पण सुटल्या. ब्लॉगर 'मदर मशरूम' म्हणजे न्गुयेन न्गोक न्हू क्विन्ह २०१८ मध्ये सुटून अमेरिकेत गेल्या. मोठ्या भेटी, व्यापार बोलणी, परिषदा यांच्या आधी यादीतली नावं टेबलावर येतात, आणि ज्याचं नाव कुणी घेतच नाही ते यादीत कसं येणार?

म्हणून कॅलेंडर करा. व्हिएतनामी नेत्याचा दौरा जाहीर झाला की त्याच आठवड्यात पत्रं. ३ मे वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन, १५ नोव्हेंबर तुरुंगातल्या लेखकांचा दिवस, १० डिसेंबर मानवाधिकार दिन. २ सप्टेंबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन, त्याच्या आसपास माफी जाहीर होते, राजकीय कैदी त्यातून बहुतेक वगळतात, तरी जुलैमध्येच नाव कळवून ठेवा.

संयुक्त राष्ट्रांचा रस्ता

हे एकट्या माणसाचं काम नाही, पण कसं चालतं ते माहीत असावं. व्हिएतनामनं नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातली वैयक्तिक तक्रारीची सोय स्वीकारलेली नाही, त्यामुळे त्या करारावर देखरेख करणाऱ्या मानवाधिकार समितीकडे केस जात नाही. पण बेकायदा स्थानबद्धतेवरचा कार्यगट आहे, त्याच्याकडे कुठल्याही देशातली केस नेता येते आणि आधी तिथल्या सगळ्या कोर्टांची पायरी चढून झालीच पाहिजे अशी अट नाही. ट्रांगच्या केसमध्ये या कार्यगटानं २०२१ मध्येच अटक मनमानी असल्याचं मत दिलं, शिक्षा व्हायच्या आधी. तुमच्यात कुणी वकील असेल तर एखाद्या संस्थेला फॉर्म भरायला, कागद लावायला मदत करा. कुटुंबाची संमती असल्याशिवाय एक पाऊलही पुढे नाही.

अर्जात कुठे बोट ठेवायचं त्याचं एक उदाहरण देते. तिथल्या फौजदारी प्रक्रियेत राष्ट्रीय सुरक्षेच्या केसमध्ये तपास संपेपर्यंत वकील भेटूच द्यायचा नाही अशी सोय आहे. ट्रांगच्या अटकेपासून खटल्यापर्यंत चौदा महिने गेले आणि जवळजवळ सगळा काळ ती वकिलाशिवाय होती. तारखा लावून हे दाखवलं की अर्ज उभा राहतो, विशेषणांची गरज लागत नाही.

मराठीत लिहा, आणि ट्रोल आले तर

मराठीत या लोकांबद्दल जवळजवळ काहीच नाही. एका कैद्यावर हजार शब्दांचा मराठी लेख, विकिपीडियावर नीट पान, गावातल्या वाचनालयात १५ नोव्हेंबरला तासाभराचं वाचन, दिवाळी अंकाच्या संपादकाला फोन. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या २०२५ च्या यादीत १८० देशांत व्हिएतनाम १७३ वा आहे आणि आपण १५१ वे, त्यामुळे 'आधी आपल्या घरातलं बघा' असं कुणीतरी म्हणेलच. बघतोच आहोत, तेही करा, दोन्ही कामांना लागणारी सवय एकच आहे.

व्हिएतनामच्या लष्करानं २०१७ मध्येच सांगितलं होतं की त्यांच्याकडे 'फोर्स ४७' नावाची दहा हजारांची सायबर तुकडी आहे. पोस्टखाली एकदम अनोळखी खात्यांची गर्दी झाली तर वाद घालू नका, स्क्रीनशॉट ठेवा, कमेंट बंद करा. पोस्ट गायब झाली तर अपील करा आणि नोंद ठेवा, कारण २०२० मध्ये फेसबुकचे तिथले सर्व्हर बंद पाडून कंपनीला नमवल्याची बातमी रॉयटर्सनं दिली होती, कंपनीनं त्यानंतर जास्त मजकूर अडवायला सुरुवात केली. मजकुराची एक प्रत फेसबुकच्या बाहेर असू द्या.

सुटल्यावर

माणूस सुटला की शीट बंद करू नका. बऱ्याच जणांना शिक्षेनंतर काही वर्षं राहत्या ठिकाणी देखरेखीत राहावं लागतं, नोकरी मिळत नाही, पोलीस घरी येत राहतात. जे परदेशात पाठवले जातात ते घर सोडून जातात, परत यायची वाट बहुतेकदा बंद असते. सुटकेनंतरचे पहिले सहा महिने आपलं काम असं: ते स्वतः जाहीर बोलतात का ते बघायचं, बोलत असतील तर त्यांचं म्हणणं मराठीत आणायचं, गप्प असतील तर आपणही त्यांचं नाव मिरवायचं नाही, आणि त्यांच्याच खटल्यातले इतर कोण अजून आत आहेत ते शोधून शीटच्या पुढच्या ओळीत ते नाव भरायचं.